शुक्रावरचा तहानलेला दगड

रांग जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत आली होती. टायरच्या दुकानावरच्या खोलीत म्हणे शुक्रावरचा दगड आला होता! रांगेत माझी सख्खी ताई उभी. छातीतल्या गाठीचं सोमवारचं ऑपरेशन तिने परस्पर रद्द केलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! माझं डोकंच फिरलं.

आत शुक्रबाबा रंगात आले होते. "पहिलं यान शुक्रावर उतरलं, तेव्हा हा दगड आपणहून आत चढून बसला. सरकारने लपवला, पण तो मला शोधत आला. पोटात अजून शुक्राची आग आहे. गाठीवर ठेवा, गाठ वितळते!"

काय तो दगड! तिकीट नाही, पासपोर्ट नाही, थेट बाबांच्या मांडीवर.

बाबांनी तो भांड्यातल्या पांढऱ्या 'ग्रहभस्मा'वर ठेवून वर तांब्याभर पाणी ओतलं. वाफ उसळली, दगड तापला, लोकांनी हात जोडले. मग दगड निवेपर्यंत लांबलचक प्रवचन, आणि पुढच्या रोग्यासाठी नवं भांडं, नवं भस्म.

ताईची पाळी येताच मी पुढे घुसलो. "बाबा, शुक्रावर शिसंसुद्धा वितळतं. तिथे उतरलेली सगळी यानं थोड्याच वेळात बंद पडली. एकही परत आलं नाही. मग दगड आला कशाने?"

"श्रद्धेने!"

"मग आज पाण्याशिवाय तापवा. शुक्रावर कुठे पाणी आहे?"

"परक्या मुलखात त्याला तहान लागते."

"गप्प बस ना रे," ताई कळवळली. "मला कापून घ्यायची भीती वाटते."

माझा आवाज खाली आला. भस्मावरचा दगड उचलून मी तिच्या तळहातावर ठेवला.

"गरम आहे?"

"नाही."

मग मी नुसत्या भस्मावर पाणी ओतलं. भांडं खदखदू लागलं. ताईच्या हातातला दगड मात्र थंडगार.

"ही चुन्याची कळी आहे," मी सगळ्यांना म्हणालो. "पाणी पडलं की तापते. दगड बिचारा वर नुसता बसलेला असतो."

बाबा मागच्या दाराने पसार झाले. ताईने जिन्यातूनच डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनची नवी तारीख तिने स्वतः मागितली.

ती यानं परत येणार नाहीत, हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी आत तापमापक बसवला, कारण त्यांना मोजून पाहायचं होतं. आपण वाफ दिसली की हात जोडतो. जोडा हवं तर. पण आधी एवढं विचारा: पाणी कशाला ओतता?