दोन पुस्तके आणि मधला आकडा

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजी किंवा सोने माझ्या नशिबी आले नाही. मी बारूद तोलतो. पिस्तुलाची काडतुसे घरीच भरणारी माणसे आमच्या अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, मसूर पिकवणाऱ्या मुलखात बरीच आहेत. रिकामी पितळी पुंगळी, तिच्यात चिमूटभर बारूद आणि वर घट्ट बसवलेली गोळी, एवढाच तो मामला. पण चिमूट जरा मोठी झाली, तर पिस्तूल हातातच फुटते. म्हणून मला एवढा मान.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा हिरवा रंग आरशासारखा चमकत होता. एका टोकाला छोटे ताट, दुसऱ्या टोकाला टोकदार काटा, मध्ये दांडी आणि दांडीवर सरकणारे वजन. एइनार रुस्टाड नावाच्या सुताराने मला विकत घेतले. तो मला टेबलावर मांडायचा, खिडकी लावून घ्यायचा आणि काटा शून्याच्या रेघेवर येईपर्यंत श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. वाऱ्याची झुळूक आली तरी मी डुलतो, हे त्याला ठाऊक होते. कोणी माझी तारीफ केली की तो म्हणायचा, "गुणी आहे खरा. पण याला जेवढं विचाराल तेवढंच हा सांगतो. बाकीचं आपण विचारायचं." तेव्हा मला त्या बोलण्याचा रागच यायचा.

एइनार गेला आणि माझे दिवस फिरले. मला एका खोक्यात घालून फळीवर टाकले. कोळ्यांनी माझ्या दांडीवर संसार थाटले. माझ्या ताटात कोणीतरी खिळे ठेवले, मित्रांनो! ज्या ताटात बारुदाचा कणही जास्त चालत नव्हता, त्यात गंजके खिळे. मी मनातल्या मनात फार रडलो.

मला बाहेर काढले ते एइनारच्या जावयाने, लेलंडने. त्याने मला मऊ कापडाने पुसले आणि टेबल सपाट आहे ना ते पाहून मांडले. कारणही तसेच होते. एइनारचे पिस्तूल त्याची नात कोरिन हिच्याकडे आले होते. ती शाळेची बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या सभागृहात नेमबाजी करायची. वर्षाची स्पर्धा शनिवारी होती. त्यात यंदा नवा नियम आला. त्याच सभागृहात मुलांची जेवणे होत आणि शिशाची धूळ विषारी, म्हणून शिशाच्या गोळ्या बंद, तांब्याच्याच आणायच्या.

लेलंडने नवे पुस्तक उघडले. कोणत्या गोळीला किती बारूद, हे अशा पुस्तकांत दिलेले असते. तेवढ्यात त्याचा मेहुणा वेंडेल, म्हणजे एइनारचा मुलगा, बापाचे जुने पुस्तक काखेत मारून आला. त्याने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली. बारूद तेच, गोळीचे वजन तेच, पण आकडे वेगळे. जुन्या पुस्तकातला आकडा चांगलाच मोठा होता.

"हे तुझं पुस्तक वकिलांनी लिहिलंय," वेंडेल फिस्कारला. "कोर्टाच्या भीतीनं पाणी घालून पातळ केलेलं!"

"आणि तुझं पुस्तक तुझ्यापेक्षा म्हातारं आहे," लेलंड म्हणाला. "दोघांचीही पानं गळायला लागलीयत."

"ते बाबांचं पुस्तक आहे, लेलंड. तोंड सांभाळून बोल."

वेंडेलने बापाची उरलेली एक शिशाची गोळी खिशातून काढली आणि माझ्या ताटात ठेवली. मग ती काढून तांब्याची ठेवली. मी दोन्ही वेळा काटा अगदी त्याच रेघेवर धरला. मी खोटे कसे सांगणार?

"बघ! तसूभर फरक नाही. गोळी तीच, मग बारूद का कमी?"

दोघांचे आवाज चढले, तशी लेलंडची बायको अर्डिस कॉफी घेऊन आली. वेंडेलची ती धाकटी बहीण. लहानपणापासून या भावाच्या हट्टाला ती पुरून उरलेली.

"काय कोंबड्यासारखे झुंजताय?" ती म्हणाली. "केकचा शेवटचा तुकडा आई कसा वाटायची, वेंडेल? मधोमध कापून. तसंच करा. दोन आकड्यांच्या मधला घ्या आणि गप्प बसा."

दोघेही हसले. कोणाचेच नाक कापले गेले नाही. लेलंडने माझे सरकते वजन त्या मधल्या आकड्यावर आणले, आणि काडतुसे भराभर भरली जाऊ लागली. खरे सांगतो, तो तोडगा मलाही पटला होता. मध्य गाठणे हाच तर माझा धर्म! काटा इकडे जातो, तिकडे जातो आणि शेवटी मधे थांबतो. घरात पुन्हा हसणे-खिदळणे सुरू झाले, म्हणून मी सुखावलो.

दुपारी कोरिन आली. पेटी भरत आली होती. वडील आणि मामा एका टेबलाशी गुण्यागोविंदाने बसलेले पाहून तिला आश्चर्य वाटले. कॉफी पिता पिता तिने त्या दोन गोळ्या, शिशाची आणि तांब्याची, चाळा म्हणून शेजारी शेजारी उभ्या केल्या. आणि तिचा कप हवेतच राहिला.

"बाबा, ही तांब्याची उंच आहे."

"तांबं हलकं असतं गं. तेवढ्या वजनाला लांबी जास्त लागणारच."

"पण भरलेलं काडतूस आजोबांच्या काडतुसाएवढंच आहे." तिने पेटीतले एक आणि फळीवर उरलेले आजोबांचे एक काडतूस जोडून धरले. "बाहेर तर कुठे जास्त दिसत नाही. मग उरलेली लांबी गेली कुठे?"

अर्डिस हळूच म्हणाली, "आत." तिचा चेहरा उतरला होता. ती दरवर्षी बरण्यांमध्ये फळे वाफवून ठेवायची. वर बोटभर जागा सोडली नाही तर बरणी तडकते, हे तिला शिकवावे लागत नव्हते. "गोळी आत घुसली की बारुदाची जागा कमी झाली. अगं बाई, आणि मीच म्हटलं, मधला घ्या!"

लेलंडने नवे पुस्तक पुन्हा वाचले. त्यातला आकडा तांब्याच्या गोळीचा होता, तोही जास्तीत जास्त चालेल तेवढा, आणि मधला आकडा त्याच्याही वर जात होता. दोन्ही पुस्तके खरीच बोलत होती. ती एकाच गोळीबद्दल बोलत नव्हती, इतकेच.

वेंडेल मात्र अडून बसला. "बाबांनी आयुष्यभर याच आकड्यावर गोळ्या झाडल्या."

"शिशाच्या झाडल्या, मामा," कोरिन म्हणाली. "आणि शनिवारी पिस्तूल माझ्या हातात असणार आहे."

वेंडेल तिच्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने खुंटीवरची पोकळ हातोडी काढली. तिच्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटले की गोळी सुटून येते. एकेक करून त्याने सगळी पेटी रिकामी केली. कोणाला हात लावू दिला नाही. बारूद खत म्हणून अर्डिसच्या गवतावर नेऊन पसरले आणि परत आल्यावर म्हणाला, "बाबा असते तर पहिली टपली मला बसली असती."

त्यांनी नव्या पुस्तकातल्या सर्वांत कमी आकड्यापासून पुन्हा सुरुवात केली. थोडी काडतुसे भरायची, खडीच्या खाणीत जाऊन झाडायची, पुंगळ्या फुगल्या-तडकल्या नाहीत ना ते निरखायचे आणि मगच कणाकणाने वर चढायचे. वरच्या टोकाच्या बऱ्याच अलीकडे कोरिन म्हणाली, "बस. नेम छान लागतोय." शनिवारी ती तिसरी आली. मामाने गावभर डांगोरा असा पिटला, की पहिला आलेला बिचारा लाजला.

आता माझ्या शेजारी त्या दोन गोळ्या कायम उभ्या असतात. वेंडेलनेच ठेवल्यात. बापाचे पुस्तकही फळीवर आहे, शिशाच्या गोळ्यांसाठी. एइनारचे ते बोलणे मला आता टोचत नाही. मला त्या दिवशी कोणी लांबी विचारली नव्हती, आणि विचारली असती तरी मला सांगता आली नसती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर धूळ बसू देऊ नका, त्यांच्या ताटात खिळे तर मुळीच ठेवू नका. आणि दोन जाणती माणसे वेगवेगळे सांगू लागली, तर घाईने मधला आकडा काढू नका. दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलतात का, ते आधी विचारा. मला मोजदाद फारशी येत नाही, वजनच तेवढे येते. तरी काम संपवून कोरिन माझे ताट पुसते, तेव्हा मी दर वेळी तिची बोटे मोजून घेतो. दहाच्या दहा भरतात.