झालरीचा पडदा

ऐका, मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझा राग थंड होईल आणि मग सांगण्यात काही मजा नाही.

तडतडी माहितीये ना? लाह्या फुटाव्यात तशी बोलते, म्हणून घरात तिला सगळे तडतडीच म्हणतात. तर तिची मावशी. दुकानांच्या पाट्या रंगवणारी. एक ब्रश दातात, एक हातात, शिडीच्या टोकावर उभी, आणि खालच्या दुकानदाराला म्हणणार, "अहो, शिडी धरा, सल्ला नको!"

या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, रेडिएशन झालं. हे चालू होतं ना, तोवर घरात माणसांची नुसती रीघ! डबे काय, फळं काय, गळ्यात पडून रडणं काय! उपचार संपले आणि "सुटलीस बाई एकदाची" म्हणून सगळे जे गायब झाले, ते झालेच. अरे, सुटली कुठे? उजवा हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरायला तडतडीला हाक. आणि हात वर जाणार नसेल तर पाट्या काय मांडीवर घेऊन रंगवायच्या?

व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, रोज भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, कोळ्यासारखी. शिवाय जखम भरलीये, डॉक्टर हो म्हणालेत, तर पोहायला लागा.

म्हणून मावशी निघाली तलावावर, बायकांच्या तासाला. वर्षानुवर्षं तिथेच पोहायची ती. तिथे कपडे बदलायची एकच मोठी खोली, आणि प्रत्येकीची खुंटी ठरलेली. कुठे लिहिलेलं नाही, पण दुसरीच्या खुंटीवर टॉवेल टाकून बघा, महायुद्ध! मावशीची खुंटी कोपऱ्यातली. तडतडी बरोबर गेली, आत शिरली, आणि बघते तर काय, त्या खुंटीपुढे पडदा! गुलाबी. खाली झालर. भिंतीत ठोकलेल्या दोन आकड्यांवर दांडी आडवी ठेवून टांगलेला.

शिट्टीबाई पुढे आल्या. म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या बाई, झोपेतसुद्धा गळ्यात शिट्टी असेल त्यांच्या.

"आम्ही सगळ्यांनी मिळून शिवलाय, खास तुझ्यासाठी. आत बदलायचं, आतच थांबायचं. सगळ्या पाण्यात उतरल्या की मी शिट्टी वाजवेन, मग ये."

"आणि शॉवर?" मावशीने विचारलं.

"तो घरून घेऊन ये ना. तुझ्याच सोयीचं सांगतेय गं. लहान मुली असतात, दचकतात."

"दचकायला काय झालं?" तडतडी उसळलीच. "मावशीने वाघ आणलाय का बरोबर?"

"तू लहान आहेस, मधे पडू नकोस."

"लहान आहे ना? मग मी का नाही दचकले? तिचं ड्रेसिंग मी बदलत होते!"

मागून एक बाई हळूच म्हणाली, "राग नको मानूस गं, आम्हालाच बघवत नाही."

ऐकलंत? दुखणार मावशीचं, आणि बघवणार नाही यांना! तडतडीच्या कानशिलातून वाफा निघाल्या. आज मावशी त्या पडद्याआड गेली की उद्या यायचीच नाही, हे तडतडीला पक्कं ठाऊक होतं. मग तो हात जिथे आहे तिथेच राहणार, आणि शिडी पडणार माळ्यावर. ती पडदा ओढायला धावली.

"थांब," मावशी म्हणाली. "हात लावायचा नाही. शिडी धरतेस तशी नुसती उभी राहा."

आणि पडद्याच्या आकड्याखाली भिंतीकडे तोंड करून तिने उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवली. चढवायला लागली. एक बोट, दुसरं बोट. खांद्यापाशी आली आणि अडकली. रोज तिथेच अडकायची. मावशीच्या तोंडून "आई गं" निघालं, कपाळ भिंतीला टेकलं, पण बोटं खाली आली नाहीत. थोडी वर. अजून थोडी. मग मधलं बोट दांडीखाली गेलं, तिने दांडी आकड्यातून उचकटली, आणि धाडकन सगळं जमिनीवर!

"अगं, इतक्या प्रेमाने शिवला होता," शिट्टीबाई पुटपुटल्या.

"प्रेम दिसतंय की. झालर तर फारच सुरेख," मावशी धापा टाकत म्हणाली. "दाराशी घाला, पाय पुसायला. इथे घसरायला होतं."

मग तिने सगळ्यांच्या देखत कपडे उतरवले, आपल्या खुंटीवर लावले आणि वळली. "घ्या, बघा एकदाच पोटभर. मग पाण्यात मला गाठता येतंय का तेही बघा."

आणि शॉवरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढची जरा सरकली, दुसरीने साबण पुढे केला. बास, तेवढंच.

तडतडी अजून शिट्टीबाईंशी बोलत नाही. मावशी बोलते. तिला रोज पोहायचंय ना. पण तडतडी आत शिरताना त्या गुलाबी झालरीवर पाय पुसते, दोन्ही पाय, चांगले घासून घासून, आणि मगच पुढे जाते.