वाळूवरच्या फळ्या

"चपलेत वाळू, अंथरुणात वाळू, आता दातांतही वाळू! अगं, लग्नाला आलोय की बांधकामावर?"

न्हाणीघराच्या दाराआडून येणारी नवऱ्याची कुरकुर ऐकून साखरबाईला हसू आलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. चिखलात रुतलेली गाडी काढताना कधी हूं की चूं केलं नाही, आणि इथे निळ्याशार समुद्राकाठी, गारेगार खोलीत, पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर उभा राहून वाळूच्या नावाने बोटं मोडतोय! काल दिवसभर पाण्यात डुंबल्याने त्याचं नाक पिकल्या टोमॅटोसारखं झालं होतं, तो राग वेगळाच.

"अहो, लोक विमानं करून येतात त्या वाळूसाठी," ती म्हणाली. "तुम्हाला दातांपर्यंत पोचती मिळाली, तर तक्रार!"

साखरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या दवाखान्यात ती चौकशीच्या खिडकीमागे बसायची. डॉक्टर आज भेटणार नाहीत, खाट रिकामी नाही, आत सोडता येणार नाही, असले सगळे नकार ती अशा मऊ आवाजात द्यायची, की समोरचा चक्क आभार मानून वळायचा. जिन्यापर्यंत गेल्यावर त्याला उमगायचं की आपलं काम काही झालेलं नाही. बरोबरच्या बायकांनी ठेवलेलं ते नाव घरापर्यंत आलं आणि घरच्यांनीही त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. उतरायला येणाऱ्या पाहुण्यांना टाळायचंय, शेजाऱ्याला नाही म्हणायचंय? "तू सांग गं, तुझ्या तोंडून गोड लागतं!"

लग्न तिच्या भाचीचं होतं, थोरल्या बहिणीच्या धाकट्या मुलीचं. धाकटीने आणि तिच्या जोडीदाराने मिळून ठरवलं होतं: परदेशात, समुद्रकिनारी, मोजकी माणसं, वाळूत अनवाणी पाय आणि समोर मावळता सूर्य. आपला राहून गेलेला मधुचंद्रही यात उरकून घेऊ, असं साखरबाईचा नवरा विमानात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला होता. ती लाजली होती, पण मनातून खूश झाली होती.

दारावर टकटक झाली. नवरीची आई, म्हणजे साखरबाईची अक्का, आत आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. काही मागायचं असलं की अक्का अशीच टेकायची, अर्धी खाली, अर्धी उठायच्या तयारीत.

"तेवढं ताईला तू सांगशील का?"

"काय सांगू?"

"संध्याकाळी खाली किनाऱ्यावर... म्हणजे बघ, वाळू. तिची खुर्ची रुतणार. ऊन, वारा. तिलाच त्रास. हॉटेलवाले वरच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावून देतायत. एसीत बसून अगदी जवळून दिसेल तिला. आमच्यापेक्षा जास्त दिसेल म्हणे!"

"फळ्याबिळ्या टाकता येत नाहीत का?"

"नाही गं, तसली काही सोय नाही," अक्का पटकन म्हणाली. "आणि मी सांगितलं तर ती माझं डोकं खाईल. तू सांग. तुझं ऐकते."

आता ताई कोण, ते सांगायला हवं. अक्काची थोरली मुलगी. लहानपणीच्या आजारात पायांतलं बळ गेलं, तेव्हापासून चाकांची खुर्ची. आज ती शाळेत गणित शिकवते आणि मुलं तिच्या जिभेला वचकून असतात. धाकटीला सायकल शिकवली ती ताईनेच. अंगणात स्वतःची खुर्ची सायकलमागे दामटत ओरडायची, "मागे बघू नकोस! मी आहे!" ती ओरड साखरबाईच्या कानांत अजून होती.

तरीही ती निघाली. सवय! जन्मभराची सवय दुसरं काय करणार?

ताई तयार होऊनच बसली होती. निळे नवे कपडे, केसांत फूल, आणि मांडीवर निळीच फीत. ती वाकून खुर्चीच्या चाकाला फीत गुंडाळत होती.

"ये मावशी. बघ, आम्ही दोघी मॅचिंग! मी आणि खुर्ची."

साखरबाई पलंगाच्या कडेवर टेकली. मग तिने सुरुवात केली. "किती छान दिसतेयस गं. बाळा, मी काय म्हणत होते, बाहेर ऊन किती आहे ना..."

ताईचे हात थांबले.

"हा तुझा खिडकीवरचा आवाज आहे, मावशी."

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. खाट रिकामी नाही, हेच ना? बोल. कुठे बसवणार आहेत मला?"

साखरबाईने पडदा सांगितला, एसी सांगितला, वाळू सांगितली. सांगताना तिला स्वतःचाच आवाज पातळ पाकासारखा चिकट वाटायला लागला.

"मलाच त्रास होईल, नाही का?" ताई शांतपणे म्हणाली. तो शांतपणा फार वाईट होता. "मावशी, मला लहानपणी सहलीला नेलं नाही, का? मलाच त्रास होईल. कॉलेजात वर्ग वरच्या मजल्यावर होता, खाली आणला नाही. का? जिन्याचा मलाच त्रास. मला जन्मात कुणी 'येऊ नकोस' म्हटलेलं नाही गं! सगळे माझी काळजीच करतात. एवढी काळजी करणारी माणसं, पण एक फळी टाकायला कुणाचा हात उठत नाही!"

"ताई..."

"मला 'तू नको' म्हणा ना! तोंडावर म्हणा. नको म्हणणाऱ्याशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी कसं भांडायचं? वर आपणच कृतघ्न ठरतो." तिने अर्धवट गुंडाळलेली फीत ओढून काढली. "धाकटीला माहीत आहे हे?"

साखरबाई उगाच पदर सारखा करू लागली.

"मागे बघू नकोस, असं मीच शिकवलं होतं तिला," ताई म्हणाली. "फार चांगलं शिकली. जा, सांग जाऊन, नाही येत मी. आणि तो पडदाही काढायला सांग. सख्ख्या बहिणीचं लग्न मी टीव्हीवर बघत नसते."

काम फत्ते झालं होतं. नकार पोचला होता, आरडाओरडा झाला नव्हता. साखरबाई बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दवाखान्याच्या जिन्यावर पोचलेल्या माणसाला काय वाटत असेल, ते तिला आज पहिल्यांदा कळलं.

नवरा खाली किनाऱ्यावर होता. त्याला शोधत ती हॉटेलमागच्या फरसबंद वाटेने गेली, आणि वाट संपून वाळू सुरू होते तिथे थबकली.

दोन माणसं वाळूवर फळ्या अंथरत होती.

चांगल्या जाड, रुंद फळ्या. एकीला एक जोडून, खाली लाकडी पट्ट्या ठोकून, फरसबंदीपासून थेट फुलांच्या कमानीपर्यंत. नवरा शेजारी कमरेवर हात ठेवून देखरेख करत होता, जणू कंत्राट त्याचंच.

"अहो, ही वाट ताईसाठी का? सोय झाली का?" तिचा जीव भांड्यात पडला.

"ताईसाठी? छे गं. ती बाई म्हणते, कॅमेऱ्यासाठी."

सजावटवाली बाई पुढे आली. तिचं आणि साखरबाईचं, दोघींचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे बोलणं छान जमलं. कॅमेरा एका चाकांच्या गाडीवर ठेवतात. नवरीबरोबर तो सरकत जातो. वाळूत गाडीची चाकं रुततात, चित्र हलतं. म्हणून फळ्या.

"यावरून चाकांची खुर्ची जाईल?"

"का नाही जाणार?" बाईला प्रश्नच कळेना. "मी नवरीच्या आईला ठरवतानाच म्हटलं होतं, आधी बहीण जाऊ दे, मागून कॅमेरा. त्या म्हणाल्या, ती येणार नाहीये."

नवऱ्याने फळ्यांवर दोन ढांगा टाकल्या. "खुर्ची? याच्यापेक्षा चिंचोळ्या गल्लीतून मी भरलेली बस काढलीय!"

साखरबाईच्या डोक्यात काहीतरी तडकलं. कॅमेऱ्याच्या चाकांसाठी फळ्या! निर्जीव यंत्राला धक्का लागू नये, चित्र हलू नये, म्हणून माणसं उन्हात राबतायत. आणि हाडामांसाच्या पोरीसाठी "सोय नाही"! अक्का खोटं बोलली. आणि ते खोटं आपण साखरेत घोळवून त्या पोरीच्या घशात घातलं!

"कुठे निघालीस? उन्हात..." नवरा म्हणाला.

"मला त्रास होत नाही उन्हाचा!" ती कडाडली. बायकोचा हा आवाज नवऱ्याने आजवर ऐकला नव्हता. तो निमूट मागून चालू लागला.

कमानीजवळच्या मोठ्या छत्रीखाली सगळे जमले होते. अक्का, तिचा नवरा, विहीणबाई, धाकटी आणि तिचा जोडीदार. हातांत शहाळी, गप्पा रंगात. धाकटीने सरावासाठी लग्नाचा पांढरा झगा चढवला होता.

"सांगितलंस?" अक्काने हळूच विचारलं.

"सांगितलं. फळ्या नाहीत म्हणून सांगितलं. आणि या काय आहेत, अक्का?"

शहाळ्यातल्या नळीचा एक सुर्रकन आवाज आला आणि थांबला.

"अगं, हळू बोल..."

"हळू बोलूनच जन्म गेला माझा! आता मोठ्याने विचारते. या वाटेने कॅमेरा येणार आणि ताई का नाही?"

"अगं, दगदग होईल ना तिला," अक्काचा नवरा म्हणाला.

"विमानात झाली नाही? तीन विमानतळ पार करून आली ती. शेवटच्या पन्नास पावलांत कसली दगदग?"

"आम्ही काही बोललो नाही हो," विहीणबाईंनी हात वर केले. "आमच्याकडून काही आडकाठी नव्हती."

"बरोबर. बोललाही नाहीत आणि विचारलंतही नाही."

नवरा मुलगा गोंधळला होता. "मला तर सांगितलं होतं, ताईंनाच वाळूवर यायचं नाही."

"मग तिला विचारलंत?"

त्याने अक्काकडे बघितलं. अक्का रडकुंडीला आली. "तुला काय जातं बोलायला! नवी माणसं, नवं घर. फोटो सगळीकडे जाणार. लोक लगेच विचारतात, हिला काय झालं, घरात अजून कुणाला आहे का, रक्तातच आहे का. पहिल्याच दिवशी धाकटीच्या मागे ते कशाला? मी आई आहे. मला दोघींचं बघावं लागतं!"

"दोघींचं बघतेस? एकीला कमानीखाली आणि दुसरीला पडद्यामागे? आणि मी तुझी साथीदार! आजपासून तो मऊ आवाज बंद, अक्का. खिडकीवरही आणि घरातही."

वाचकहो, अक्काला नावं ठेवण्याआधी आपण जरा आपल्या आसपास बघू. आपली शाळा, आपली कचेरी, नाटकाचं थिएटर, सोसायटीचं फाटक. "तुम्ही येऊ नका" अशी पाटी कुठेच नसते. आपण सभ्य माणसं आहोत, असल्या पाट्या लावत नाही. आपण फक्त चार पायऱ्या बांधतो आणि वर उभं राहून हळहळतो, की अरेरे, बिचाऱ्यांना त्रास होतो!

धाकटी इतका वेळ अंगठ्याने वाळू उकरत होती. मग तिने शहाळं खाली ठेवलं, झग्याचा घोळ मुठीत धरला आणि हॉटेलच्या दिशेने चालू लागली. फळ्यांवरून नव्हे, वाळूतूनच, रुतत, अडखळत. साखरबाई तिच्यामागे गेली. अक्काही निघाली, पण दोन पावलं मागे राहून.

ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. नवे कपडे तसेच अंगावर होते. निळी फीत जमिनीवर पडली होती.

"या," ती न वळता म्हणाली. "वाळू कडक झाली वाटतं अचानक?"

"ताई, खाली चल ना," धाकटी म्हणाली. "फळ्या टाकल्यात. आम्हाला वाटलं होतं, तुला त्रास..."

ताईने खुर्ची वळवली, ब्रेक लावला आणि बहिणीकडे नुसतं बघितलं. वर्गातल्या फळ्यापुढे उभ्या असलेल्या, चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं, तसं. रागावलेलं, पण खोडून पुन्हा लिहायला वेळ देणारं ते बघणं.

धाकटीने मुठीतला घोळ सोडला. झग्याच्या घोळातून वाळू गालिच्यावर सांडत होती. दारात अक्का उभी होती. तिने "जाऊ दे गं" म्हणायला तोंड उघडलं, तसा साखरबाईने तिचा हात घट्ट दाबून धरला.

"त्रासाचं खोटं आहे," धाकटी म्हणाली. "फळ्यांचं मला माहीत होतं. आईने विचारलं तेव्हा मी गप्प बसले. ताई, मला... मला तुझी लाज वाटली!"

साखरबाईला वाटलं, आता ताई कोसळणार. पण ताईने मोठा श्वास सोडला, कितीतरी वर्षं छातीत कोंडलेला असावा तसा.

"आता कसं! हे भांडण्यासारखं आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र खणखणीत होता. "लाज वाटली म्हणालीस, तर मला ओरडता येतं, रडता येतं. उद्यापरवा कधीतरी माफही करता येईल. काळजीचं काय करायचं, ते मला कधीच कळलं नाही. माफ केलं असं समजू नकोस हं. आधी लग्न लाव, मग तुला बघते!"

आणि तिने वाकून, खट् आवाज करत, स्वतःच्या हाताने खुर्चीचा ब्रेक काढला.