शेगडीचा मान

बस स्टँडमागच्या ताडपत्रीखालून रीना सरकारी योजनेतल्या पक्क्या खोलीत आली खरी, पण तिचा जीव काही थाऱ्यावर येईना. बाळ रांगत गॅलरीकडे निघालं की हातातलं टाकून धावायची. त्यात बेघरांना दिलेल्या खोल्यांत खरंच कोण राहतं ते तपासायला मंजू मॅडम दारात उभ्या राहिल्या.

मॅडमनी आत नजर फिरवली. गॅसची शेगडी खोक्यात बंद, ओटा कोराकरकरीत.

"इथं कोणी राह्यते असं तं दिसत नाही, बाई. खोली दुसऱ्याले जाईल मंग."

"राह्यतो ना, मॅडम! सैपाक तेवढा खाली कडुनिंबापाशी करतो, तीन दगडांवर."

"सरकारनं घर देल्लं, अन् तुमचा सैपाक झाडाखाली? काहून?"

रीनानं नवऱ्याकडे पाहिलं. बाळाला कडेवर घेतलेला तेजराम चाचरत म्हणाला, "नव्या घरात पहिली शेगडी बहिणीनं पेटवाची असते, मॅडम. तिचा मान राह्यते. माही पुष्पलता लांजीले राह्यते. शेतात धानाचा रोवणा चालू हाय, थे बांधीतून निघतच नाही."

मॅडमच्या पेनाचं टोपण निघालं. गेली खोली! रीनाच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, तुमचं माहेर कोणतं?"

"खैरलांजी. काहून?"

"मंग आमच्या लांजीकडच्याच तं हाव!" तिनं तेजरामकडे बोट केलं. "यायची बहीण समजा अन् काडी लावा."

मॅडमनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग पेन पर्समध्ये गेलं.

"अन् माहा नेग? भावाच्या घरी साडी घेतल्याबिगर काडीले हात नव्हता लावला मी."

तेजरामचा चेहरा उतरला. "सरकारी बाईले साडी कशी द्याची?"

"देऊ नोको, बापा! नोकरी जाईल माही. चहा पाज, अद्रक टाकून."

खोकं फुटलं, सिलिंडर जोडलं गेलं. मॅडमनी पदर खोचून काडी ओढली, निळी ज्योत फुलली. बाळ टाळ्या पिटायला लागलं. त्याच्याकडे बघण्यात रीनाचं भान हरपलं आणि चहा भसकन उतू जाऊन ओटाभर पसरला. ती फडकं घेऊन धावली.

"राहू दे, पुसू नोको!" मॅडमनी मोबाईल काढला. "पह्यले फोटो घेते. कुटुंब राह्यते, याचा याहून पक्का पुरावा कोणता?"

रीना पहिल्यांदाच मोकळं हसली. तेजराम मात्र डोकं खाजवत राहिला. "पुष्पलता आली म्हणजे तिले काय सांगू?"

मॅडमनी बशीत चहा ओतला. "सांग, सरकारनं पेटवली. भांडाचं असन तं हापिसात ये म्हण!"