बटाट्याचा नकाशा

सांगलीच्या एका पॉलिटेक्निकात मी पोरांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पण आमच्या घरात बटाट्याची भाजी कधी चालते, हे लग्नाला वर्ष होत आलं तरी मला कळलं नव्हतं. आम्ही जैन. कंदमुळं चातुर्मासात वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशीला वर्ज्य, एवढं माहेरूनच ठाऊक. पण सासरे, शांतिनाथमामा, भर चातुर्मासात दोनदा वाढून घेत आणि साध्या मंगळवारी "नगं गं, बटाटा कशाला?" म्हणून वाटी सरकवत. माझं डोकंच फिरायचं.

आज मामांचा वाढदिवस, तोही चातुर्मासात. आज तरी त्यांनी वाटी सरकवू नये, एवढीच माझी इच्छा.

मग मी कार्नो मॅप काढला. ही चौकटींची जाळी. प्रत्येक चौकट म्हणजे एक परिस्थिती. शेजारच्या चौकटीत जाताना एकच गोष्ट बदलायची. माझ्या गोष्टी चार: चातुर्मास आहे का, अष्टमी-चतुर्दशीची तिथी आहे का, पाहुणे आहेत का आणि सासूबाई, प्रभावतीआत्या, घरात आहेत का. मामांनी खाल्लं तिथे एक, नाकारलं तिथे शून्य. साक्षीला नवरा, भरतेश.

"आई वाईला गेलती, त्या अष्टमीला? बाबांनी लय हाणली की!"

सगळे 'एक' पहिल्या आणि शेवटच्या रकान्यात पडले. माझी पोरं परीक्षेत इथेच गंडतात. त्यांना ते रकाने लांबचे वाटतात. कागद नळीसारखा वळवला की ते शेजारी येतात आणि सगळ्यांचा एकच गट होतो. गटात जी गोष्ट बदलते, ती गाळायची. चातुर्मास गळला. तिथी गळली. पाहुणेही गळले. उरलं एवढंच: आत्या घरात नाहीत.

पंचांग उगाच बदनाम! मी खो खो हसत सुटले.

"काय गं हे, ब्राह्मी?"

मागे आत्या उभ्या. भरतेश मोटर बंद करायच्या निमित्ताने सटकला. मला खोटं काही सुचेना, म्हणून खरं ते सांगून टाकलं.

आत्यांनी कागद हातात घेतला. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं.

"म्हंजे मी घरात नसले की चालतंय?"

"हो, आत्या."

"आन् मी असले की हे मन मारत्यात." त्यांचा आवाज ओला झाला.

"कर भाजी. मी जाती मिरजेला, भैनीकडं."

चपला घालून त्या दाराशी गेल्या आणि थांबल्या.

"माझाबी डबा भर. तितं मी कुठं घरात असती?"