सारस, तेंदू आणि एक तांदूळ

अर्जुनी मोरगावातल्या बाकीच्या बायका दिवाळी आटोपली की फराळाचे डबे घासतात. अनुसयाबाई कटरे भांडणाला लागतात. भांडण असतं जानेवारीत, पण तयारी नको का? नवे मुद्दे काढायचे, जुन्यांना धार लावायची, आणि आरशासमोर उभं राहून 'अध्यक्ष महोदया' म्हणताना कवळी हलत नाही ना, ते बघायचं. यजमान केवलराम दुकानातून जेवायला आले की भाताबरोबर त्यांना एखादा मुद्दाही वाढला जाई.

"कसा वाटते?"

"तिखट हाये," केवलराम म्हणत. ते भाजीबद्दल बोलतात की मुद्द्याबद्दल, हे त्यांनी इतक्या वर्षांच्या संसारात कळू दिलं नव्हतं.

भांडण असायचं रुख्माबाई मडावींशी. रुख्माबाई राहतात दरेकशाला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात. तिथून पॅसेंजरनं गोंदिया, गोंदियात गाडी बदलून अर्जुनी, दिवसभर भांडण, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. एवढ्या प्रवासात माणसं देवदर्शन करून येतात.

मूळ कारण अमेरिकेत होतं. कॉलेज नवं होतं तेव्हा बारापात्रे मॅडम इंग्रजी शिकवायच्या. त्या एका उन्हाळ्यात भावाकडे अमेरिकेला जाऊन आल्या, आणि पुढचं वर्षभर त्यांनी वर्गात अमेरिकाच शिकवली. तिकडच्या कॉलेजांत म्हणे मुली भगिनी मंडळं काढतात आणि मुलं बंधू मंडळं. फार जुनी चाल आहे. नाव म्हणून दोन-तीन ग्रीक अक्षरं, छातीवर मोत्यांचा बिल्ला, गुप्त शपथ, आणि एकदा बहीण झाली की मरेपर्यंत बहीण. हे ऐकून अनुसयानं गावातल्या मुली जमवल्या आणि मंडळ काढलं. ग्रीक अक्षरं अर्जुनीत कोणाला येत नव्हती, मॅडमनाही येत नाहीत हे चौकशीअंती उघड झालं, म्हणून तळ्याकाठच्या पक्ष्याचं नाव घेतलं. सारस भगिनी मंडळ.

सभा संध्याकाळी व्हायची. होस्टेलचं फाटक त्याच्या आधीच बंद व्हायचं. त्यामुळे जंगलपट्टीतून शिकायला आलेल्या होस्टेलच्या मुली आपोआप बाहेर राहिल्या. सभेची वेळ बदलावी, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मोठ्या कामात अशा बारीक गोष्टी राहून जातात.

रुख्मा होस्टेलची. तिनं फाटकाच्या आत आपलं मंडळ काढलं, तेंदू भगिनी मंडळ, आणि सारसवाल्या अजून वर्गणी गोळा करत होत्या तोवर भंडाऱ्याच्या तांबटाकडून पितळेचे बिल्ले घडवूनही आणले. बिल्ल्यावर तेंदूचं पान, बिड्या वळतात ते. गावच्या मुली त्यांना 'बिडीवाल्या' म्हणू लागल्या. मग सारसचेही बिल्ले आले. तांबटाला सारसाची मान काही साधली नव्हती. होस्टेलच्या मुली त्यांना 'कोंबडीवाल्या' म्हणू लागल्या.

तेव्हापासूनचा वाद असा, की थोरलं मंडळ कोणतं. सभा आधी सारसची झाली, बिल्ला आधी तेंदूचा आला. मंडळ जन्माला येतं ते सभेनं की बिल्ल्यानं? दरवर्षी जानेवारीत दोन्ही मंडळांची एकत्र स्नेहभेट व्हायची, आणि त्या स्नेहात हा प्रश्न दिवसभर चालायचा. मुली बदलत गेल्या, प्राचार्य बदलले, गाडीचं इंजिन बदललं. या दोघी बदलल्या नाहीत.

भांडणाखेरीज त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. फोन नाही, लग्नाची पत्रिका नाही. कॉलेजच्या हॉलपासून अनुसयाबाईंचं घर हाकेच्या अंतरावर, पण रुख्माबाईंनी कधी त्याची पायरी चढली नव्हती. अनुसयाबाई मात्र पातोड्यांचा डबा हॉलवर न्यायच्या, 'भांडताना भूक लागते म्हणून'. रुख्माबाई चारोळीची पुडी त्यांच्यासमोर आपटायच्या, 'मंडळासाठी'. ज्या वर्षी रुख्माबाईंचे मालक फागू गेले, त्या वर्षीही त्या आल्या होत्या. कपाळ मोकळं, आवाज तोच. अनुसयाबाईंनी त्या वर्षी ठरवून हार पत्करली. रुख्माबाईंच्या ते लक्षात आलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ती व्यवस्थित परत केली.

आणि यंदा, डिसेंबर सरता सरता, अनुसयाबाईंची नात गुंजन घरी आली ती मैत्रिणीला घेऊन. गुंजन सारसची अध्यक्ष. सोबतची चंचल ही तेंदूची अध्यक्ष, सालेकशाकडची, होस्टेलला राहणारी. मंडळात सगळ्यांनी एकमेकींना 'ताई' म्हणायचं, असा पहिल्या दिवसापासूनचा नियम. त्यामुळे गुंजन घरात 'आजी' म्हणते आणि मंडळाच्या कामाला 'अनुसयाताई'. या हिशेबानं केवलराम आपल्याच नातीचे भाऊजी लागतात, याकडे मंडळानं अजून लक्ष दिलेलं नाही.

"अनुसयाताई," गुंजन म्हणाली, म्हणजे काम मंडळाचं होतं. "आम्ही दोन्ही मंडळं एक करून राहिलो."

"काऊन?"

"सारसमध्ये पोरी उरल्या किती? आणि आम्ही तर सगळं संगच करतो ना यार. डबा संग, अभ्यास संग. अमेरिकेतही अशी मंडळं एक होतात, मी मोबाइलवर वाचलं. लहान मंडळ मोठ्यात जातं. त्याचा जुना बिल्ला काचेच्या कपाटात ठेवतात."

"लहान कोनतं?"

गुंजननं चंचलकडे पाहिलं. चंचल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली. लहान आता सारस होतं.

चंचलनं घाईघाईनं नव्या बिल्ल्याचं चित्र दाखवलं. समितीनं काढलेलं होतं. तेंदूच्या पानावर सारस उभा. सारसाच्या चोचीत धानाची लोंबी, कारण शेतकी शाखेच्या मुली रुसल्या होत्या. पानाखाली पुस्तक, पुस्तकाखाली तलाव. कोणालाही वगळलेलं नसल्यामुळे बिल्ला बशीएवढा झाला होता.

"हा लावला तर पदर जमिनीवर येईल," अनुसयाबाई म्हणाल्या. पोरी हसल्या. दोघींना वाटलं, म्हातारी मानली.

म्हातारी रात्रभर कूस बदलत होती. लोकांना वाटलं असतं तिला सारसाच्या बिल्ल्याचं वाईट वाटतंय. त्या कोंबडीचं तिला काही नव्हतं. तिच्या डोक्यात एकच होतं. मंडळ एक झालं की थोरलं-धाकटं संपलं. थोरलं-धाकटं संपलं की भांडण संपलं. आणि भांडणच नसेल तर दुखऱ्या गुडघ्यानं दोन गाड्या बदलून रुख्मा इथे येईल कशाला? 'ये' म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? कधी म्हटलंच नव्हतं. फाटक बंद व्हायचं तेव्हाही म्हटलं नव्हतं.

मंडळात मोठा निर्णय धान-तांदळानं होतो. ताटलीतून प्रत्येकीनं एक धानाचा दाणा आणि एक तांदूळ घ्यायचा. झाकल्या गडूत दोन्हीतला एक टाकायचा, दुसरा बाहेर पाखरांना. धान म्हणजे होकार, कारण ते पेरलं तर उगवतं. तांदूळ म्हणजे नकार. सगळ्यांचं धान हवं. एक जरी तांदूळ निघाला तर विषय वर्षभरासाठी बंद, आणि कोणी टाकला हे विचारायचं नाही. ही पद्धत अनुसयाबाईंनीच घातलेली. तेंदूवाल्यांनी ती उचलली, आणि ती आपलीच असल्याचं त्या आजतागायत सांगतात.

स्नेहभेटीच्या दिवशी रुख्माबाई आल्या त्या काठी टेकत. बसल्या. चारोळीची पुडी आपटली.

"कोंबडी कशी हाये?"

"अंडे देऊन राहिली. तुह्या बिडीचा धूर निघते का अजून?"

"खोकला होते धुरानं. डॉक्टर नाही म्हनते." रुख्माबाईंनी डबा उघडून पातोडी तोंडात टाकली. "मीठ कमी हाये."

"बीपी हाये तुले."

"तुले कोन सांगतलं?"

सांगितलं होतं चंचलनं, विचारल्यावर. अनुसयाबाईंनी डबा पुढे सरकवला.

मग गडू फिरला. अनुसयाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी गडूवरच्या रुमालाखाली हात घातला, आणि बाहेर काढला तेव्हा त्यांच्या मुठीत धान उरलं होतं. ते त्यांनी खिडकीतून टाकलं. एक चिमणी लगेच आली. तिला राजकारणाशी कर्तव्य नव्हतं.

गुंजननं गडू ताटात उलटा केला. पिवळ्या धानात पांढरा तांदूळ लपत नाही.

पुढच्या मुली ताटावर वाकल्या. मग सारसची नीतू, जिला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं, ती म्हणाली, "होस्टेलवालीच असन कोनी. यांना आपल्यात यायचंच नव्हतं. समोर गोड बोलून राहिल्या होत्या."

"नीतू, विचारायचं नसते," गुंजन म्हणाली.

"मी कुठं विचारलं? मी तर सांगून राहिली."

चंचलचा चेहरा उतरला. तिनं आपल्या कुर्त्यावरचा तेंदूचा बिल्ला चाचपला. तिच्या मागच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या, आणि जिच्याकडे बघावं ती मान खाली घालू लागली. रुख्माबाईंनी काठी उचलली.

"चल चंचल. मले स्टेशनवर सोड." त्या उठता उठता म्हणाल्या, अनुसयाबाईंकडे न बघता. "माह्या पोरी असं करत नाईत. नाई म्हनायचं त तोंडावर म्हनतात. मीच शिकवलं."

अनुसयाबाई उभ्या राहिल्या. भाषणं त्यांनी शेकडो केली होती, पण आज 'अध्यक्ष महोदया' आठवलं नाही.

"तांदूळ माहा हाये."

गुंजनच्या हातातलं ताट कलंडलं. "आजी?" ती म्हणाली. मंडळाचा नियम मोडला, पण कोणी हरकत घेतली नाही.

रुख्माबाई दाराशी थांबल्या. वळल्या. भांडणात त्यांचा चेहरा नेहमी खुलायचा, आज तसं नव्हतं. "अजून?" त्या हळू म्हणाल्या. "इतके वर्स झाले अनुसया. अजून आमी फाटकाच्या आतच का?"

"तसं नाई."

"मंग कसं? कायले टाकला?"

समोर पन्नासेक मुली, जुन्या ताया, आणि चहा घेऊन आलेला कँटीनवाला बिसराम, हे सगळे ऐकत होते. अनुसयाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"एक झालो त भांडन खतम," त्या म्हणाल्या. "मंग तू कायले येशील इतक्या दूर? गुडघे दुखते तुहे. भांडन हाये म्हनून येतेस. नाई त तुले कोन हाये इथं?"

बिसरामनं चहाचा ट्रे हळूच खाली ठेवला.

रुख्माबाई दारातून परत आत आल्या. "म्या धान टाकलं," त्या म्हणाल्या. "म्हनलं, एक झालो का मंग भांडाले यायचं काम नाई. सरळ तुह्या घरी येता येईल. दुपारी लेटता येईल. हॉलात बसून कंबर मोडून जाते माही. इतके वर्स वाट पाहिली, ही बाई कधी चाल म्हनते का म्हनून."

"त तू सांगतलं नाई."

"तू बलावलं नाई."

"मी डबा आनत होती."

"डबा म्हंजे घर असते का?"

यावर अनुसयाबाईंजवळ मुद्दा नव्हता. दिवाळीपासून तयारी करूनही नव्हता.

गुंजननं घसा साफ केला. चूक कबूल झाली आहे, तेव्हा पुन्हा एकदा धान-तांदूळ करायला हरकत नसावी, असं तिनं सुचवलं. अनुसयाबाई ताटाकडे निघाल्याही. पण रुख्माबाईंनी काठी आडवी धरली.

"नियम म्हंजे नियम. तांदूळ निघाला, वर्सभर बंद. तो नियम आमचा हाये, तेंदूचा."

"तो माहा नियम हाये," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जागेवर आला.

"पाहा. आता बोलली."

मुली हसल्या. नीतू उठून चंचलपाशी गेली आणि तिला काहीतरी सांगायला लागली. माफीचा सराव नसल्यामुळे ते लांबत चाललं होतं. चंचलनं ते अर्ध्यात थांबवलं, आपला पितळी तेंदू काढला आणि नीतूच्या ओढणीवर लावला. "मत पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "तोवर हा घाल. नीट घाल पण, हरवू नको." नीतूनं मान वाकडी करून आपल्या छातीवरच्या पानाकडे पाहिलं. मग तिनं आपला सारस काढला आणि चंचलच्या कुर्त्याशी झटापट करू लागली. पिन जुनी होती, अडकत होती. मागे आणखी दोघी-तिघींनी आपापले बिल्ले काढायला घेतले. नियमात हे बसतं की नाही, ते दोन्ही संस्थापकांनी पाहिलं नाही. त्या चपला शोधत होत्या.

रस्त्यानं त्या सावकाश चालल्या. रुख्माबाईंनी वाटेत दरेकशाला नातवाला फोन लावला. "गुलशन, आज स्टेशनवर येऊ नको रे. नाई, गाडी सुटली नाई. मीच नाई बसली. काऊन म्हंजे? बिमार नाई बापा. बहिनीकडे हाये."

अनुसयाबाई पुढे बघत चालत राहिल्या. डोळ्यांत ऊन जात होतं, असं त्या कोणी विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या.

घरी केवलराम बनियनवर बसले होते. बायकोसोबत कोण आहे हे दिसताच ते उठले आणि शर्ट शोधू लागले. शर्ट खुंटीवर होता, समोरच, पण त्यांना सापडायला वेळ लागला.

रुख्माबाई दारात काठी टेकून उभ्या राहिल्या. ओसरी पाहिली, अंगण पाहिलं, आत डोकावल्या. बाजेवर बसून पाय लांब केले. मग म्हणाल्या, "घर बरं हाये. चूल चुकीच्या बाजूले हाये."

अनुसयाबाईंनी पदर खोचला. "चूल कशी चुकली, सांग बरं," त्या म्हणाल्या, आणि उशी आणायला आत गेल्या.