चाड्यावरची मूठ

मी सहादूची पाभर. सिन्नरच्या अंगाला, डोंगराकडेच्या एका वाडीत माझा मुक्काम. खाली बाभळीचे दोन फण, वर दोन पोकळ नळ्या आणि नळ्यांच्या माथ्यावर लाकडी वाटी, तिला चाडं म्हणतात. बैल मला ओढतात, सहादू मला मातीत दाबतो आणि मागून चालणारी बाई मुठीतलं बी चाड्यात सोडते. दोन बैल आणि दोन माणसं, एवढंच माझं मागणं. बैल अजून मिळतात.

सत्तर साली पुंजा सुतारानं मला घडवलं. तेव्हा चाड्यावर मूठ धरायची भागीबाई, सहादूची थोरली भावजय. काय मूठ होती! चालता चालता ती शेजारच्या शेतातल्या बायकांशी भांडायचीसुद्धा, पण बोटं चुकायची नाहीत. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष सोडलं, तर दर साली आमच्या बाजरीच्या ओळी बघायला पलीकडच्या वाडीतले लोक यायचे. मी उगाच फुशारून जायची.

चौऱ्याहत्तरला तिचा नवरा तापानं गेला. पुढच्या पेरणीला सगळ्यांना एकदम कळलं, की भागीबाईच्या मुठीत अपशकुन आहे. इतकी वर्षं तो कुठं दडून बसला होता कोण जाणे! मूठ सवाष्णीचीच हवी आणि माझ्या फणांना हळदकुंकूही सवाष्णीनंच लावायचं. भागीबाईला बांधावर बसवलं. तिनं निवडलेलं बी चालायचं, तिनं डोक्यावरून आणलेली पाटी चालायची. पाटीपासून चाड्यापर्यंतच्या हातभर अंतरात मात्र अपशकुन व्हायचा. मूठ धाकट्या जावेकडं, म्हणजे सहादूच्या बायकोकडं, धोंडाबाईकडं गेली. ती काही वाईट नव्हती.

मग वाडीची भरभराट झाली. सहादूचा थोरला बहिरू सातपूरच्या कारखान्यात लागला, धाकटा काळू मनमाडला रेल्वेत. घरोघरी हेच. पोरांना नोकरी लागावी म्हणून म्हाताऱ्यांनी नवस केले, नारळ फोडले, आणि नोकऱ्या लागल्यावर तेच म्हातारे पारावर बसून म्हणू लागले, "शेतीला माणूस मिळंना राव." उरलेल्या बायका सकाळी टेम्पोत बसून निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला जायच्या. दिवसा वाडीत गुडघे चोळत बसलेली माणसं आणि मोकाट कोंबड्या, एवढीच काय ती वस्ती.

चौऱ्याऐंशीच्या पेरणीआधी धोंडाबाई ओट्यावरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. निरोप मिळताच बहिरू चार दिवसांची रजा काढून आला. टेरिकॉटची पँट दुमडून माझ्यामागं उभा राहिला आणि म्हणाला, "त्यात काय एवढं! मशीन चालवतो मी तिकडं." त्यानं मूठ धरली नाही, ओंजळच धरली. दुसऱ्या फेरीतच माझ्या डाव्या नळीच्या तोंडात ओली माती बसली.

भागीबाई बांधावरून ओरडली, "आरं बहिरू, नळी तुंबली! डावीकडं बी पडत नाय!"

पेरणीच्या वेळी विधवेनं ओरडणं बरं नव्हे, म्हणून कुणी तिच्याकडं पाहिलं नाही.

सहा दिवसांनी बाजरी उगवली. एक ओळ दाट, एक ओळ टक्कल, अख्खं शेत तसं. बहिरू तोवर साहेबाची भीती सांगून सातपूरला पोचला होता.

घरात आणखी एकदाच पेरता येईल इतकं बी होतं. पुन्हा पाऊस झाला, वाफसा आला. वाफसा म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही. तो फार तर दोन दिवस टिकतो. सहादू सगळी वाडी फिरून आला. टेम्पो केव्हाच गेला होता. रिकामे हात दोनच होते आणि ते बांधावर पाटी धरून बसले होते.

"लोक काय म्हणतील?" सहादू पुटपुटला.

गळ्यात हात बांधलेली धोंडाबाई म्हणाली, "म्हणायला लोकं हायती कुठं वाडीत?"

दहा वर्षांनी भागीबाई चाड्यापाशी आली. आधी तिनं नळ्यांत काडी घालून माती काढली, मग पदरानं चाडं पुसलं. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी एकदाही कुरकुरले नाही. बाजरी पूर्वीसारखी उगवली. सहादूनं पारावर सांगितलं, की यंदा बियाणं संकरित होतं.

पुढच्या वर्षी घराघरांतून भागीबाईला बोलावणी. "भागीआत्या, उद्या आमच्याकडं बरं का!" अपशकुन संपला नव्हता, माणसं संपली होती.

यंदा, शहाऐंशीच्या वैशाखात, काळूचं लग्न झालं. मला मांडवाच्या मेढीला टेकवून ठेवलं होतं, म्हणून सगळं दिसलं. भागीबाईला मूलबाळ नाही. काळूला तिनंच कडेवर वाढवला. हळद लावायला तिनं हात पुढं केला, तसा धोंडाबाईनं तो मनगटाशी धरला.

"जाऊबाई, तुम्ही जरा पलीकडं बसा."

ती पलीकडं बसली. जेवली नाही. मला फार वाईट वाटलं.

आज वाफसा आलाय. बैल जुंपलेत, मी शेताच्या तोंडाशी उभी आहे. सहादू सकाळीच भागीबाईच्या दारी जाऊन आला आणि मान खाली घालून बायकोला तिचे शब्द सांगू लागला: "भाऊजी, मी अपशकुनी बाई. हळदीला ज्या सवाष्णी हुत्या, त्यांना बोलवा." त्या सवाष्णी लाडवांचे डबे घेऊन एसटीनं कधीच आपापल्या गावी गेल्या.

आता धोंडाबाई माझ्या पूजेसाठी आणलेला कुंकवाचा करंडा उचलून जावेच्या घराकडं निघाली आहे. माफी मागायला निघालीय की मजूर आणायला, ते तिच्या पाठीकडं बघून मला कळत नाही. माझं काय, मी लाकूड. मला दोन्ही चालेल. भागीबाईला एकच चालेल.

तुम्ही त्या वाटेनं जाणार असाल तर धोंडाबाईला गाठा. तिला म्हणावं, आधी करंडा जावेच्या हातात दे, पेरणीचं नंतर बोल. पण जरा लवकर सांगा, ऊन चढत चाललंय.